देवगांडूळ : सह्याद्रीच्या मातीतील अपरिचित रहिवासी

सॅलॅमँडर नावाचा प्राणी आगीत जगतो, अशी समजूत प्राचीन युरोपात होती. संत ऑगस्टीन यांनीही ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात, सृष्टिज्ञांच्या लेखनाचा हवाला देऊन, तिचा उल्लेख केला आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सॅलॅमँडर हा बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद. ओलावा हेच त्याचे जीवन. आपल्या देशात त्याची वस्ती पूर्व हिमालयात व ईशान्येच्या डोंगरांत आहे. दार्जिलिंगकडील तळ्यांच्या काठी तो आढळतो. महाराष्ट्रात तो नाही. मात्र त्याच्याच उभयचर कुळातील तिसरी शाखा सह्याद्रीत मातीखाली नांदते. मराठीत तिला देवगांडूळ म्हणतात. देवमाशाप्रमाणेच हे नाव! नेहमीच्या मापात न बसणाऱ्या जिवाला आपल्या लोकांनी देवाच्या खात्यावर टाकले असावे, असे आम्हांस वाटते.

देवगांडुळाला पाय नाहीत. अंगावर गांडुळासारखी वलये, डोळे कातडीआड गेलेले आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये वास घेण्यास उपयोगी पडणारी एक बारीक स्पर्शिका. तो गांडूळ नव्हे. त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. गांडुळे व वाळवी हे त्याचे अन्न. लिनियस या थोर शास्त्रज्ञानेही १७५८ साली या प्राण्यांची गणना सापांत केली होती. मग बांधावरच्या शेतकऱ्याने तीच गफलत केली, तर त्याला दोष कसा द्यावा? पुढे १८८० नंतरच्या दशकात पाउल व फ्रिट्झ सारासिन या स्विस संशोधकांनी सिंहलद्वीपात त्याच्या एका जातीची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली पाहिली, आणि या मुक्या जिवाच्या मातृत्वाची हकीकत जगास कळली.

महाराष्ट्राची पाळी फार उशिरा आली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. त्याच खंडाळ्याच्या मातीतील देवगांडुळाला शास्त्रीय नाव मिळाले ते १९६० साली, अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांच्याकडून : ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबायी’. झाडे डोळ्यांपुढे असतात. जमिनीखालच्याला कोण विचारतो? त्यानंतर पुन्हा चाळीसहून अधिक वर्षे गेली. २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले व सिंधुदुर्गातील आंबोली येथून, आणि २००४ साली सातारा जिल्ह्यातील हुंबरळीहून नव्या जातींची नोंद झाली. आंबोलीची व हुंबरळीची जात जगापुढे आणण्यात वरद गिरी यांचा वाटा मोठा आहे. दोर्ल्याच्या जातीने तर सर्वांस चकित केले. तिची मादी अंडी न घालता जिवंत पिलांस जन्म देते, असे २००८ साली सिद्ध झाले. आशिया खंडातील उभयचरांत असे उदाहरण त्यापूर्वी ठाऊकच नव्हते!

आमच्या चाकूरकरांस हे सारे दूरचे वाटेल. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या वाट्याला त्याचा आठवा-नववा हिस्सा, तोही येईल त्या वर्षी. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्याला कातडीतूनही श्वास घ्यावा लागतो, त्याने तेथे जगावे कसे? वास्तविक दोन्हीकडचा खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हारसाचा. फरक आहे तो पाण्याचा आणि पालापाचोळ्याचा.

म्हणूनच हुंबरळीची गोष्ट आम्हांस विशेष वाटते. हे गाव कोयनेच्या परिसरातले. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे मिरजेजवळून वाहते. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली गाडी मिरजेहून लातुरास आली, ते पाणी याच कृष्णेचे. डोंगरावरची भुसभुशीत, पाल्याने झाकलेली माती पाऊस शोषून घेते आणि सावकाश ओढ्यांस देते. देवगांडुळाचे घर तीच माती. यंत्राने उतार खरवडला, जाळपोळ करून जमीन उघडी पाडली, की प्रथम हा आंधळा जीव जातो आणि त्याचे जाणे कोणाच्या लक्षातही येत नाही. वाघासाठी अभयारण्ये झाली, ते योग्यच. पण या मातीचा कैवार घेणारे थोडे.

दगड उचलताना, शेणखताचा ढीग उपसताना किंवा भातखाचराचा बांध दुरुस्त करताना पावसाळ्यात तो अवचित दिसतो आणि बहुधा काठीखाली मरतो. ओळख सोपी आहे. सापाच्या अंगावर खवले दिसतात व दुभंगलेली जीभ बाहेर येते. देवगांडुळाचे अंग ओले, गुळगुळीत व वलयांकित असते, आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही. मोकळे सोडले, की थोड्याच वेळात तो डोके खुपसून मातीत दिसेनासा होतो.