वाजतो तो टॅपेटच कशावरून?

बोनेट उघडायच्या आधीच निदान झालेलं असतं. गाडी गॅरेजात शिरते, मिस्त्री लांबूनच मान हलवतात, "टॅपेट वाजतायत." पुढे इलाज दोनच. फीलर गेज काढून टॅपेट जरा कसून द्यायचे, नाहीतर नेहमीपेक्षा जाड ऑइल भरायचं. गाडी बाहेर पडते ती शांत होऊनच, त्यामुळे मालकही खूश. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत हे मत इतकं रुजलंय की त्यावर प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा ठरतो. तो आगाऊपणा मी इथे करणार आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. ॲम्बॅसॅडर किंवा कुर्ल्याला बनलेली पद्मिनी यांच्या पुशरॉडच्या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. ती वाढली की रॉकर टोकावर आपटतो आणि टिकटिक सुरू होते. टॅपेट कसून फट कमी केली की टिकटिक थांबते. जाड ऑइलचा थर दोन धातूंच्या मध्ये गादीसारखा बसतो, हेही खरं. मग सिद्धान्त तयार : टिकटिक म्हणजे टॅपेट, आणि टिकटिक थांबली म्हणजे दुरुस्ती झाली.

यातला पहिला भाग नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचारी हेतूवर उभा आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, कारण अग्नीवाचून धूर सापडत नाही. टिकटिक मात्र टॅपेटवाचून सर्रास सापडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की गॅस बारीक फटीतून फुसफुसत बाहेर पडतो आणि तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो. सैल बसलेला स्पार्क प्लगही तसाच बोलतो. बरं, ठोके मोजूनही टॅपेट आणि गॅस्केट वेगळे काढता येत नाहीत. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर एक व्हॉल्व्ह 400 वेळा उघडतो, आणि एका सिलिंडरचा एक्झॉस्टही मिनिटाला 400 वेळाच सुटतो. फरक कळतो तो दुसऱ्या मार्गानं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत एकेका प्लगची ठिणगी बंद करून ऐकावं. त्या सिलिंडरला आग लागेनाशी झाली की गळक्या गॅस्केटचा आवाज मवाळ होतो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर त्याचा जड, खालून येणारा ठोकाही दबतो. टॅपेटला त्या ठिणगीशी देणंघेणं नसतं, तो तसाच वाजत राहतो. शिवाय गॅस्केटची टिकटिक थंड इंजिनात मोठी असते आणि लोखंड तापून फुगलं की पुष्कळदा विरते. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक टॅपेट कव्हरवर फिरवणारे मिस्त्री अजून भेटतात. ती पाच मिनिटं वाचवणारेच जास्त भेटतात, हे दुर्दैव.

सिद्धान्ताचा दुसरा भाग जास्त घातक. फट ठेवली आहे ती तापलेल्या धातूला वाढायला जागा हवी म्हणून. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड 700 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, आणि ही उष्णता मुख्यतः तो सीटवर टेकतो तेव्हाच हेडमध्ये उतरते. टॅपेट कसला, फट उरली नाही, की व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. कडेनं ज्वाळा निसटते, कड जळते, कॉम्प्रेशन जातं. आणि या सगळ्या काळात इंजिन छान गप्प असतं! वाजणाऱ्या टॅपेटचं फार तर टोक झिजेल, गप्प केलेला टॅपेट हेड उतरवायला लावतो.

याचं मोठं उदाहरण म्हणजे सीट खचणं. भारतात फेब्रुवारी 2000 पासून पेट्रोलमधलं शिसं गेलं. ते जाणं हवेसाठी चांगलंच झालं, पण ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच सीट कोरलेल्या जुन्या इंजिनांना त्या शिशाचा आधार होता. पुढे अनेक गाड्या सीएनजीवर गेल्या. तो वायू कोरडा, त्यात सीटला वंगण कसलं मिळणार? सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे रोग वाढत असताना टॅपेटचा आवाज घटत जातो. आवाज हाच रोग मानणाऱ्याला ही गाडी सुधारतेय असंच वाटणार.

आता सेटिंग करूनही टिकटिक राहते त्याचं काय? रॉकरचं टोक व्हॉल्व्हवर वर्षानुवर्षं घासून त्याला खळगा पडतो. फीलर गेजची सपाट पाती त्या खळग्यावर पुलासारखी टेकते आणि फट बरोबर दाखवते. खरी फट खळग्याच्या खोलीइतकी जास्तच असते. मग "सेटिंग केलं तरी वाजतंय, अजून कसा" हे सुरू होतं आणि आपण जळक्या व्हॉल्व्हकडे निघतो. इथे रॉकर काढून घासून सपाट करणं किंवा बदलणं एवढाच मार्ग. ॲम्बॅसॅडरमध्ये मोजताना नऊचा हिशेब पाळावा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज नऊ. आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्यायचा, आणि तो गरम इंजिनासाठी आहे की थंड, हेही तिथेच पाहायचं.

जाड ऑइलवाल्यांना उत्तर हायड्रॉलिक लिफ्टरची इंजिनं देतात. ओपेल कोर्सासारख्या गाडीत 'सेटिंग' मागणं हास्यास्पद आहे, कारण तिथे फिरवायला स्क्रूच नाही. ऑइलच्या दाबानं लिफ्टर फट स्वतः भरून काढतो. रात्रभर उभी गाडी सकाळी दोन-चार सेकंद टिकटिकली तर तो रोग नव्हे, लिफ्टरमधून उतरलेलं ऑइल परत भरतंय एवढंच. जाड ऑइल तिथे पोचायला आणखी उशीर करतं. गरम झाल्यावर, आयडलला टिकटिक असेल तर ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून तिथे गेज लावावा. दिवा पेटतो तो दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावर, म्हणजे फार उशिरा. दाब कमी निघाला तर संशय बेअरिंग आणि पंपावर. जाड ऑइल तो संशय काही महिने झाकून ठेवतं. वर कुणी 'थोडं जास्तच भरा' म्हणून डिपस्टिकच्या खुणेच्या वर ऑइल भरलं, तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, लिफ्टरमध्ये हवा शिरते आणि वेगात टिकटिक वाढते.

"मग वाजत ठेवायची का गाडी?" असा प्रतिप्रश्न येईल. हो, काही वेळा. गॅस्केट तपासलं, दाब मोजला, रॉकर सपाट केले, फट पुस्तकातल्या आकड्यावर आणली, तरी पुशरॉडच्या जुन्या इंजिनात बारीक टिकटिक उरते. टॅपेट कव्हरचा पत्रा ती थोडी मोठीही करतो. मी ती तशीच सोडतो.