सारसाची बांधी

नागझिरा अभयारण्य १९७० साली झाले, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली. पण आमच्या गोंदियाचा सारस जंगलात राहत नाही. तो धानाच्या बांधीत, तलावाकाठी घरटे करतो. त्याला राखायचे ते शेतकऱ्यानेच.

लहानपणी एकदा अंडी पाहायला मी चिखलात उतरलो. बाबा धुऱ्यावरून ओरडले, "जवळ नोको जाऊ! पाखरू उठलं का अंडं कावळ्याचं!" त्या साली घरट्याभोवतीचे निंदण त्यांनी सोडले. तेवढा धान गेला. महिन्याभराने मात्र दोन पिल्ले जोडीमागे चालू लागली.

आता शहरातून पाहुणे कॅमेरे घेऊन येतात. मी त्यांना दुर्बीण देतो, पण धुऱ्याखाली पाय टाकू देत नाही.