पायघोळ झगा आणि मोकळी पावलं

मंडळी, जमिनीला टेकणारा झगा घालून गरगर नाचायचं आणि तरी अडखळायचं नाही, हे कसं जमत असेल? जुन्या इंग्रजी सिनेमातला बॉल पाहताना हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. मी कवी माणूस. छंदाचं बंधन पाळून ओळ मोकळी कशी ठेवायची, याच विवंचनेत माझी वर्षं गेली. म्हणून या झग्याची गोष्ट मला जवळची वाटते.

सुरुवात करू या १८००च्या आसपास. तेव्हा युरोपातल्या बायकांचे झगे अंगासरशी असत आणि कंबर छातीच्या लगेच खाली. कापड तलम मलमलीचं. उत्तम मलमल आपल्याकडची, बंगालची. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त बाथ शहरातल्या नाचाच्या वेळी नायक मलमलीचा भाव सांगतो. बहिणीसाठी त्यानं पाच शिलिंग वार दरानं अस्सल हिंदुस्थानी मलमल घेतलेली असते! असं हलकं कापड अंगावर असलं की पावलांना आडकाठी कसली?

मग वॉल्ट्झ आला. आधीचे नाच रांगेत उभं राहून, हाताला हात लावून व्हायचे. वॉल्ट्झमध्ये पुरुष स्त्रीच्या कमरेला हात घालतो आणि दोघं भिंगरीसारखी फिरतात. १८१६ साली लंडनच्या राजदरबारी बॉलमध्ये हा नाच झाला, तेव्हा 'टाइम्स'नं त्याच्यावर कडक टीका केली. पण तरुण मंडळींनी तो सोडला नाही.

गंमत अशी, की नाच वेगवान झाला आणि नेमके त्याच काळात झगे जड होत गेले. घेर हवा म्हणून आत एकावर एक परकर. त्यातला एखादा घोड्याच्या केसांनी विणलेला, ताठ. सगळं ओझं कमरेवर, आणि पायांत कापडाचा गुंता. १८२०-३०च्या सुमारास नाचाचे झगे घोट्यापर्यंतच ठेवत, तेवढाच दिलासा.

यावर १८५६ साली पॅरिसमध्ये एका उपायाचं पेटंट घेतलं गेलं. पोलादी पट्ट्यांची वर्तुळं फितींना टांगून केलेला सांगाडा. त्याचं नाव क्रिनोलिन. चित्रात पाहिलं तर तो पिंजराच दिसतो, आणि व्यंगचित्रकारांनी त्याची भरपूर टर उडवली. पण नाचणारीच्या बाजूनं पाहा. परकरांचा ढीग गेला. घेर पोलादानं तोलला आणि आत पाय मोकळे झाले. बाहेरून घंटेसारखा डोलणारा झगा, आत हवं तसं पाऊल. मला ही कल्पना फार आवडते. पिंजऱ्यानं पाय सोडवले!

पण या घेराची किंमतही होती. तो आपल्यापासून किती लांब पसरलाय, हे घालणारीला उमगत नसे. खोलीत उघडी शेकोटी, हातभर अंतरावर मेणबत्त्या, आणि आत हवा खेळणारं तलम कापड. ठिणगी पडली की क्षणात भडका. क्रिनोलिनची लाट ओसरू लागल्यावरही हा धोका टळला नाही. १८७१ साली आयर्लंडच्या मोनाघन परगण्यात एका घरी नाच चालला होता. डॉ. विल्यम वाइल्ड यांच्या एका मुलीचा झगा शेकोटीजवळून नाचत जाताना पेटला. दुसरी तिला वाचवायला धावली, तिचाही पेटला. दोघी बहिणी गेल्या. एमिली २४ वर्षांची, मेरी २२ची. त्या लेखक ऑस्कर वाइल्डच्या सावत्र बहिणी. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या, म्हणून घराण्यानं त्यांचा फारसा गवगवा केला नाही.

पुढे घेर मागे सरकला आणि झग्याला शेपूट आलं. शेपूट घेऊन नाचायचं कसं? शिंपिणींनी तोडगा काढला. घेराला आतून एक बंद शिवायचा. नाच सुरू झाला की तो मनगटात अडकवायचा आणि शेपूट उचलायचं. बॉल देणाऱ्या घरी बायकांच्या खोलीत सुई-दोरा घेऊन एक मोलकरीण बसलेली असावी, असा सल्ला त्या काळच्या शिष्टाचाराच्या पुस्तकांत असे. जोडीदाराचा बूट झालरीवर पडायचा, आणि तिनं ती तिथल्या तिथे टाचून द्यायची.

विसाव्या शतकातही हा झगडा संपला नाही. 'टॉप हॅट' या १९३५च्या चित्रपटात जिंजर रॉजर्सच्या झग्याला शहामृगाची पिसं होती. ती गळून फ्रेड ॲस्टेअरच्या अंगावर उडत आणि तो वैतागे. जिंजरनं मात्र झगा बदलला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला गेला. लावणी नाचणारीनं नऊवारीचा काष्टा मारला, म्हणजे प्रत्येक पायाला आपापलं कापड. कथ्थकच्या पेशवाजाला कळ्यांचा घेर आणि खाली तंग पायजमा. चक्कर घेताना कळ्या फुलतात, पाय गुंतत नाहीत.

वॉल्ट्झ रचणाऱ्या योहान स्ट्राउसचं नाव आपल्याला माहीत असतं. पडद्यावर नाचणारी जिंजर आपल्याला आठवते. मनगटाचा तो बंद पहिल्यांदा शिवणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही. आणि ती नाचणारी तर तिच्याच शिवणीच्या भरवशावर रात्रभर नाचली.