कंपनी आणि पाव

वाळूजमध्ये कोणाही तरुणाला 'काय करतोस?' असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर येते : 'कंपनीत आहे.' 'कारखाना' हा शब्द आता फलकांवर आणि सरकारी कागदांत उरला आहे. रात्रपाळी उरकून सकाळी आमच्या वर्गात येऊन बसणारे विद्यार्थीही 'कंपनी'च म्हणतात.

या शब्दाने आपल्याकडे पुष्कळ वेष पालटले. 1600 साली लंडनमध्ये स्थापन झालेली ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात व्यापाऱ्यांची मंडळी. सप्टेंबर 1803 मध्ये आपल्याच मराठवाड्यातील असईच्या रणांगणावर तिच्या फौजेने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यावरही 'कंपनी सरकार'चा अंमल आला. 1858 मध्ये तो अंमल राणीकडे गेला. शब्द मात्र मागे राहिला. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी आपल्या संस्थेला 'नाटक मंडळी' म्हटले, पण लोकांच्या तोंडी 'नाटक कंपनी'च रुळली. 1929 मध्ये कोल्हापुरात उभी राहिलेली 'प्रभात' तर नावानेच फिल्म कंपनी होती. लष्करातील तुकडी कंपनी, आणि एकट्या मित्राजवळ घटकाभर बसणे म्हणजेही 'कंपनी देणे'!

या साऱ्या अर्थांच्या मुळाशी 'सोबत' आहे, आणि त्या सोबतीच्याही मुळाशी भाकर. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे रोटी. एकत्र बसून रोटी खाणारे ते सोबती. याच 'पानिस'पासून पोर्तुगीजांचा 'पांव' झाला, आणि त्यांच्याकडून तो 'पाव' होऊन मराठीत आला. म्हणजे कंपनीच्या फाटकाबाहेरील गाड्यावर मिळणारा वडापाव हा आतल्या कंपनीचा सख्खा नातलग ठरतो.

आपल्याकडे या कल्पनेला 'पंगत' हा शब्द आहे. पण आपली भाषा अधिक सावध आहे. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडे वाढणे, यासाठी तिने 'पंक्तिप्रपंच' असा स्वतंत्र शब्द घडवला.

आमच्या एका विद्यार्थ्याला आम्ही सहज विचारले, 'कोणत्या कंपनीत?' तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'सर, कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही. ठेकेदाराचा आहे.' काम त्याच यंत्रावर, पाळी तीच. हजेरीचे पुस्तक मात्र वेगळे. 'कंपनी' या शब्दाचा अर्थ त्या दिवशी आम्हाला शिकवावा लागला नाही. 'पंक्तिप्रपंच' तेवढा फळ्यावर लिहिला.