करवत, जाळी आणि रुखवत



गेल्या वैशाखात आपल्याच एका घरच्या लग्नास नेरूळ येथे जाण्याचा योग आला. मंडपाच्या एका अंगास रुखवत मांडले होते. लाडू, चिरोटे, करंज्या यांच्या मागे पातळ लाकडाची बैलगाडी, तुळशीवृंदावन, रहाट असलेली विहीर आणि वधूवरांची नावे कोरलेली महिरप असा सुबक देखावा होता. कडा काळसर होत्या. म्हणजे यंत्रातील लेसर किरणाने जाळून कापलेले हे काम, हे जाणत्यास तत्काळ समजावे. शेजारी एक वृद्ध आजी उभ्या होत्या. त्यांनी बैलगाडी उचलून पाहिली, तर तळाशी दुकानदाराने लावलेली किमतीची चिठ्ठी तशीच होती. आजी सहज म्हणाल्या, "सुताराच्या घरचं लग्न, आणि लाकडाची वस्तू विकत आणली?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. यजमानांचा यात काही दोष होता असे मला वाटले नाही व आजही वाटत नाही. तथापि प्रश्न मनातून जाईना. आपल्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा या प्रश्नाचाच थोडा मागोवा घ्यावा असे ठरविले. मी मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक. पंडिताचा अधिकार मला नाही. परंतु शाळेत अनेक वर्षे मुलांच्या हाती जाळीकामाची करवत दिली आहे, आणि जन्म सुताराच्या घरचा आहे. एवढ्या भांडवलावर लिहीत आहे.

प्रथम रुखवताविषयी. आज आपण ज्यास रुखवत म्हणतो तो शोभेच्या वस्तूंचा देखावा अलीकडचा होय. मूळ रुखवत म्हणजे वधूपक्षाने वराकडील मंडळींसाठी न्यावयाचा फराळ. त्यात हळूहळू मुलीच्या हातचे विणकाम, भरतकाम, मण्यांची तोरणे, साखरेची चित्रे यांची भर पडली. मुलगी किती हुन्नरी आहे हे सासरच्यांनी पाहावे, हा त्यातील उघड हेतू. लाकडी वस्तू त्यात शिरल्या त्या बहुधा मुलीच्या भावाच्या हातच्या. पोळपाट-लाटणे, पाट, चौरंग, देवाची महिरप या वस्तू कसबी हाताच्या, आणि त्या आपल्या घरातून गावभर जात.

मात्र त्या जात होत्या त्या भेट म्हणून की देणे म्हणून, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गावच्या बलुतेदारांचे जे वर्णन आहे ते आपल्या तरुणांनी अवश्य वाचावे. सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. नांगर, पाभर, कुळव, गाडीचे जू यांची दुरुस्ती वर्षभर करावयाची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागून घ्यावयाचा, अशी ती रीत होती. लग्नघरी पाट द्यावयाचा, बाळंतिणीच्या घरी पाळणा द्यावयाचा, तोही याच हिशेबात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवितात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. ते बैल मुलांना खेळणे होते, घडविणाऱ्याला कामच होते. एखादा सुतार हौसेने बैलाच्या वशिंडाला अधिक गोलाई देई, शिंगांना वळण देई. तेवढ्या अधिकाला तो भेट म्हणत असेल तर म्हणो. बाकीचे बलुत्यात गेले.

आता आपण राहतो त्या मुलखाकडे पाहू. नव्या मुंबईला इतिहास नाही, ती खाडीतून वर आली, असे आपली मुले समजतात. वस्तुतः सिडको स्थापन झाली ती १९७० साली, आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे नगर उभे राहिले. त्यापूर्वी शतकभर आधी या भागातील पनवेल हे गाव गाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत पनवेलच्या चाकांचा खास उल्लेख आहे. घाटावरून माल घेऊन उतरणारे गाडीवान येथे चाके विकत घेत. आरे, तुंबा, पाटे यांची जुळणी कागदावरील आराखड्यावाचून करणारे ते कारागीर कोण होते, हे सांगावयास नको. घरातील वडीलधाऱ्यांस विचारा. पुढे मोटारी आल्या, आगगाडी आली, चाकाला गिऱ्हाईक उरले नाही.

लाकूड कापून भेटवस्तू करण्याचा नागर व्यापार मुंबईत निराळ्या मार्गाने आला. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जडावाच्या पेट्या विलायतेपर्यंत जात. या कामास सादेली म्हणत. ते इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरत व मुंबई येथे आले असे मानतात. चंदन, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक त्रिकोणी काड्या सरसाने एकत्र चिकटवून जुडी करावयाची, आणि अळूवडीचा उंडा कापावा तशी ती आडवी कापून पातळ चकत्या काढावयाच्या. प्रत्येक चकतीवर तेच नक्षीचे फूल. त्या पेटीवर चिकटविल्या की काम झाले. सर जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर ग्रंथ लिहिला, त्यात या कामाची दखल घेतली आहे. त्याच काळात मुंबईतील शिसवी फर्निचरची जाळीदार पाठ व नक्षी साहेबांच्या घरी पसंत पडत होती. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली. तिच्या आवारात १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली व तेथे कारागिरांच्या मुलांस पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. कारागिरी ही शाळेत शिकविण्याची गोष्ट आहे, ही कल्पना आपल्याकडे अशी रुजू लागली.

सावंतवाडीचे नाव न घेता पुढे जाणे कृतघ्नपणाचे ठरेल. पांगाऱ्याचे हलके लाकूड कातावर धरून केलेली फळे, भाज्या, भातुकलीची भांडी, त्यांवर लाखेचा रंग, हे तेथील चितारी मंडळींचे काम. कोकणातून मुंबईस येणारा चाकरमानी मुलांसाठी लाकडी आंबा-केळ्याची टोपली आणी, ती मी स्वतः पाहिली आहे. तेथील दशावतारी गंजिफाही प्रसिद्ध आहेत. दहा अवतारांची बारा-बारा पाने, एकूण १२०. ही कला बसू लागली तेव्हा १९७१ च्या सुमारास शिवराम राजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारखाना काढून ती सावरली. राणीसाहेब स्वतः ब्रश घेऊन बसत. राणीने हाती घेतली की त्याच कामाला प्रतिष्ठा येते, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

आता जाळीकामाची करवत, जिला आपण शाळेत फ्रेटसॉ म्हणत असू. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल नावाचा नामांकित सुतार होऊन गेला. कासवाची पाठ व पितळ एकावर एक ठेवून तो बारीक करवतीने नक्षी कापी, व एकाची नक्षी दुसऱ्यात बसवी. तसल्या करवतीला पुढे त्याचेच नाव चिकटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत हे काम घरोघरी छंद म्हणून पसरले. इंग्लंडात 'हॉबीज वीकली' नावाचे साप्ताहिक १८९५ साली सुरू झाले. नाताळात आप्तांना द्यावयाच्या फोटोच्या चौकटी, घड्याळाची घरे, पत्रे ठेवण्याचे खण यांचे नमुने त्यातून घरोघर जात. इकडे फिनलंडमध्ये १८६६ च्या कायद्याने ग्रामीण शाळांतील मुलांना हस्तकाम आवश्यक झाले, आणि स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी शिक्षकांना त्याचे धडे दिले. त्यांचा आग्रह असा की, मुलाने शाळेत केलेली वस्तू घरी उपयोगी पडावी. आपल्याकडे महात्माजींच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि मूलोद्योगांत कताईबरोबर सुतारकामही आले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. माझ्या नोकरीच्या काळात त्याच नावाखाली आठवड्यास दोन तासिका मिळत.

त्या तासिकांत काय चाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण कित्येकांस ते ठाऊक नसेल. करवत म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पोलादी चौकट, तिच्या दोन टोकांत ताणून बसविलेले दोऱ्यासारखे बारीक पाते. पात्याचे दात खाली, मुठीकडे असावे लागतात, म्हणजे ओढताना लाकूड कापले जाते. एक सूत जाडीच्या प्लायवूडवर कार्बन कागदाने नक्षी उतरावयाची. मेजाला खाचेची फळी आवळावयाची, तिच्यावर काम ठेवावयाचे. जाळीच्या प्रत्येक डोळ्यात गिरमिटाने भोक पाडून, पात्याचे एक टोक सोडवून त्यातून ओवावयाचे, पुन्हा ताणावयाचे. वळणावर करवत वळवावयाची नाही, लाकूड वळवावयाचे. हे मुलांच्या अंगवळणी पडावयास महिना लागे, आणि तोपर्यंत पात्यांचा चुराडा होई. आतली सारी भोके आधी कापावयाची, बाहेरची रेघ शेवटी. घाई करून जो बाहेरची रेघ आधी कापतो त्याची जाळी हातात मोडते. मग कानस, काचकागद, आणि चपड्या लाखेचे पॉलिश. राखीपौर्णिमेला बहिणीला द्यावयाची कंगव्याची पेटी, आईसाठी उदबत्तीचे घर, दिवाळीस आकाशकंदिलाची बाजू, अशा वस्तू मुले करीत. इतर विषयांत मागे असलेला मुलगा येथे पुढे असे, हा अनुभव माझ्या सर्व सहकाऱ्यांचा होता.

याच वर्गाची एक आठवण आहे. १९८५-८६ च्या सुमारास एक पालक मला भेटावयास आले. आपल्याच ज्ञातीचे, वाशीच्या नव्या इमारतींत फर्निचरचे काम करणारे. मुलाने शाळेत केलेली मोराची जाळी त्यांनी मेजावर ठेवली. काम फारच देखणे होते. ते म्हणाले, "गुरुजी, बाकीच्या पोरांना हा छंद आहे. आमच्या पोराला हा जुना रस्ता आहे. करवत सुटावी म्हणून याला शाळेत घातलाय. याला गणित जास्त द्या." मी निरुत्तर झालो. कारण माझ्या वडिलांनी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मला अगदी हेच सांगितले होते. मी आठ वर्षांचा असताना त्यांचा वाकस उचलला, तेव्हा तो हातातून काढून घेऊन ते म्हणाले होते, "खडू धर, हे नको." त्या पालकांचा मुलगा पुढे इंजिनियर झाला. त्यांचे चुकले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मला वाटते, आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ज्याला करणे भाग आहे त्याच्या हातच्या वस्तूस जग मजुरी समजते, व ज्याला भाग नाही त्याच्या हातच्यास भेट. वकिलाच्या मुलाने उदबत्तीचे घर केले तर घरचे कौतुकाने पाहुण्यांस दाखवीत. आपल्या मुलाने केले तर 'शेवटी जातीवर गेला' असे ऐकावे लागे. म्हणून आपण हात आखडले. दोन पिढ्यांत मुले शिकली, नोकऱ्यांत गेली, आणि आता आपल्यालाही करणे भाग उरलेले नाही. घरी फर्निचर करावयास राजस्थान, उत्तर प्रदेशचे कारागीर येतात, आणि आपली मुले त्यांना सूत-इंच विचारतात. आता आपण केले तर ती भेटच ठरावी, पण करावयाचे कसे हेच विसरत चाललो आहोत.

शाळांतील ते वर्गही गेले. माझ्या शेवटच्या काळात एका शाळेत हस्तव्यवसायाच्या खोलीत संगणक आले. ते यावयासच हवे होते. पण त्यासाठी अठरा करवती भंगारात वजनावर दिल्या गेल्या, हे मला आजही सलते. मी दोन विकत मागितल्या, तर मालसूचीचा नियम आड आला.

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, आणि गणपतीच्या मखरासाठी लोक पुन्हा लाकूड, पुठ्ठा, कापड यांकडे वळले. लेसरने कापलेल्या महिरपींचा बाजार त्यानंतर विशेष वाढलेला मी पाहिला. लेसरवर माझा राग नाही. हाताने महिना लागणारी नक्षी तो मिनिटांत काढतो, आणि आपल्याच काही तरुणांनी ती यंत्रे घेऊन चांगला धंदा चालविला आहे. तथापि त्यांतील एकाने मला सांगितले की, नक्षीत कोणता पूल ठेवावयाचा व कोणता डोळा उघडावयाचा हे त्यास समजत नसे. तयार नमुन्यांवर काम चाले. नऊ-दहा रविवार तो माझ्याकडे हातकरवत घेऊन बसला, आणि मग स्वतःची नक्षी काढू लागला.

अण्णांची एक गोष्ट सांगावयाची राहिली. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाआधी ते ऐंशीच्या घरात होते, हात थरथरत होता. एके दिवशी त्यांनी माझी फ्रेटसॉ मागून घेतली. "ही पोरांची करवत, हिला जोर लागत नाही," असे म्हणत रोज सकाळी खिडकीपाशी बसून त्यांनी देव्हाऱ्याची महिरप कापली. सात पाकळ्यांच्या कमळातील एक पाकळी मोडली. ती सरसाने जोडली नाही, तशीच ठेवू दिली. रुखवतात ती महिरप फराळाच्या ताटांमागे उभी होती. कोणी विचारले तर अण्णा सांगत, "नातीला दिली आहे. बलुतं नाही." आज ती तिच्या घरी पुण्यास आहे.

गेल्या श्रावणापासून रविवारी सकाळी आपल्या संस्थेच्या खोलीत मी करवती घेऊन बसतो. चार मुली व दोन मुलगे येतात. यंदा दहावी-बारावीच्या गुणवंतांस द्यावयाची नावपाटी विकत न आणता याच मुलांनी करावी असे कार्यकारी मंडळाने मान्य केले आहे. सतरा पाट्यांपैकी चौदा तयार आहेत. उरलेल्या तिघांच्या नावांत जोडाक्षरे आहेत, त्यांस वेळ लागत आहे. बारीक पाती संपत आली आहेत. कोणी मुंबईत लोहार चाळीकडे जात असल्यास एक डझन आणावीत, पैसे मी देईन.