उत्तर आयर्लंड (युरोपीय संसद मतदारसंघ)

उत्तर आयर्लंड : युरोपीय संसदेचा युनायटेड किंग्डममधील भूतपूर्व त्रिसदस्यीय मतदारसंघ (१९७९–२०२०). संपूर्ण उत्तर आयर्लंड मिळून हा एकच मतदारसंघ होता.

युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ मध्ये झाली. तेव्हा ग्रेट ब्रिटनमध्ये एकसदस्यीय मतदारसंघ आखले गेले. उत्तर आयर्लंडला मात्र एकल संक्रमणीय मतदान पद्धती लागू झाली. ब्रिटनशी ऐक्य राखू पाहणारे बहुसंख्य प्रॉटेस्टंट आणि आयर्लंडच्या एकीकरणाची आस धरणारे अल्पसंख्य कॅथलिक यांच्यात तेथे रक्तरंजित संघर्ष चालू होता. तीन स्वतंत्र मतदारसंघ पाडले असते, तर तिन्ही जागा ऐक्यवाद्यांकडे जाण्याचा धोका होता. अल्पसंख्याकांना हक्काचा आवाज मिळवून देणे, हेच या अपवादाचे मोल.

मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहीत. वैध मतांच्या एक चतुर्थांशाहून किंचित अधिक मते हा विजयाचा कोटा असे. विजयी उमेदवाराची कोट्यावरची मते आणि बाद झालेल्याची सर्व मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जात. महाराष्ट्रातील आमदार राज्यसभेचे सदस्य याच तत्त्वाने निवडतात.

पहिल्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे इयन पेझ्ली, सोशल डेमोक्रॅटिक अँड लेबर पक्षाचे जॉन ह्यूम आणि अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे जॉन टेलर निवडून आले. १९८९ पासून टेलर यांच्या जागी जिम निकल्सन आले. पेझ्ली यांनी १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप दुसरे जॉन पॉल यांच्या भाषणात फलक उंचावून घोषणा दिल्या व त्यांना सभागृहाबाहेर काढण्यात आले. तरीही आपल्या प्रदेशाला युरोपीय निधी मिळवून देण्यासाठी ते, ह्यूम आणि निकल्सन एकत्र आले. मायदेशी एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेल्या नेत्यांना या मतदारसंघाने समान काम दिले. ह्यूम यांना १९९८ मध्ये अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्यासह शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२००४ मध्ये शिन फेनच्या बार्ब्रा द ब्रून निवडून आल्या आणि एकीकरण मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांची जागा ह्यूम यांच्या पक्षाकडून शिन फेनकडे गेली. २०१९ च्या अखेरच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत कोणीच कोटा गाठला नाही. पुढच्या पसंतीच्या मतांवर शिन फेनच्या मार्टिना अँडरसन, डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या डायेन डॉड्स आणि दोन्ही गटांपासून अलिप्त असलेल्या अलायन्स पक्षाच्या नेओमी लाँग विजयी झाल्या. तिन्ही जागांवर प्रथमच स्त्रिया आल्या.

युनायटेड किंग्डम ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि मतदारसंघ संपुष्टात आला. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेची निवडणूक मात्र आजही याच एकल संक्रमणीय मतदान पद्धतीने होते.