उभ्या झाडाचा आकार : कोकणातील मालकी रानांची महसूल आकारणी, आयकर व संपादन (१८४७ ते २०१४)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वनांच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सरकारी राखीव वनांभोवती फिरत राहिले आहे. खातेदारांच्या सातबाऱ्यावर असलेल्या, परंतु झाडांनी आच्छादलेल्या जमिनींचा, म्हणजे ठाणे, रायगड (पूर्वीचा कुलाबा) व रत्नागिरी या जिल्ह्यांतील मालकी रानांचा विचार त्यामानाने कमी झाला. या जमिनी महसूल खात्याच्या दृष्टीने शेतजमिनीच होत्या. त्यांना आकार होता, सारा होता, गटवार नोंद होती. मात्र भाताचे पीक एका पावसाळ्यात हाती येते, तर सागाला कित्येक दशके लागतात. दरवर्षी वसूल होणारा सारा आणि पिढीतून एकदा मिळणारे उत्पन्न यांचा मेळ घालायचा कसा, हा प्रश्न येथे सुरुवातीपासून उपस्थित होता.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, मुंबई इलाख्याच्या आकारणी पद्धतीने हा प्रश्न कधी सोडविलाच नाही. तिने जमीन मोजली, मातीची प्रत ठरविली, पण उभ्या झाडाला नोंदीत स्थान दिले नाही. त्यामुळे ‘रान म्हणजे काय’ हे महसूल खात्याने नव्हे, तर प्रथम आयकराच्या व नंतर संपादनाच्या कायद्याने ठरविले. आणि या दोन कायद्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी होती. अधिनियम व न्यायनिर्णय ही या विवेचनाची मुख्य साधने आहेत.

१. संयुक्त अहवाल आणि वरकस जमीन

मुंबई इलाख्यातील रयतवारी भूमापनाची तत्त्वे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाली. मातीची खोली व तिचे दोष पाहून आण्यांत प्रतवारी करावयाची, त्यावरून आकार ठरवावयाचा आणि तो तीस वर्षे कायम ठेवावयाचा, अशी ही पद्धत होती. खातेदाराने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढवू नये, हेही तिचे महत्त्वाचे सूत्र होते. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला या सूत्राने संरक्षण दिले. झाडे लावून वाढविणाऱ्यालाही ते तत्त्वतः लागू पडत होते.

तथापि ही पद्धत देशावरील जिराईत जमिनीवर घडली होती. कोकणात तिला वेगळीच भूरचना भेटली. येथे भातखाचराच्या वर डोंगरउताराची वरकस जमीन असते. तिच्यावर नाचणी, वरी यांसारखी पिके काही वर्षे घेऊन ती पड टाकली जाते. गवत व सरपण तेथूनच येते. राबासाठी लागणारी टहाळही तेथील ऐनादी झाडांची असते. टहाळ, पालापाचोळा व शेण पसरून रोपवाटिकेची जमीन भाजल्याखेरीज भाताचे रोप जोमदार येत नाही, असा शेतकऱ्याचा अनुभव होता. म्हणजे रान हे भातशेतीचेच एक अंग होते.

भूमापनाने हे नाते ओळखले, परंतु ते एकाच बाजूने. भाताचा आकार एकरी रुपयांत, तर वरकसाचा आण्यांत धरला गेला. वरकस ही भाताची अंकित जमीन मानली गेली आणि खडकाळ तुकडे पोटखराब्यात टाकून त्यांना आकारच लावला नाही. अल्प आकारामुळे रान राखणे खातेदाराला परवडले, हे मान्य केले पाहिजे. परंतु अल्प आकार म्हणजे रानाचे मूल्य ओळखून दिलेली सवलत नव्हती. वीस वर्षे राखलेले सागाचे रान आणि उघडा बोडका उतार, मातीची प्रत समान असल्यास दोन्हींचा आकार समान असे.

२. झाड कोणाचे?

जमीन रयतेची, पण झाड सरकारचे, हा वाद भूमापनाबरोबरच चालत आला. साग, शिसव, चंदन यांसारख्या मौल्यवान झाडांवर सरकार हक्क सांगत असे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ४० ने त्याची वाट काही अंशी मोकळी केली. ज्या गावांची मूळ जमाबंदी पूर्ण झाली होती, तेथील झाडांवरील सरकारचा हक्क, राखून ठेवलेली झाडे वगळता, भोगवटादाराला दिला असल्याचे मानले गेले. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५ ने धारण जमिनीवरील झाडांचा हक्क धारकाकडे असल्याचे तत्त्व पुढे चालविले.

संहितेच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, भारतीय वन अधिनियम संमत झाला होता. त्यानुसार राखीव व संरक्षित वनांची आखणी होऊ लागली, तेव्हा राब, चराई व सरपण यांवरील निर्बंधांविरुद्ध ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष उत्पन्न झाला. त्याच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. या वादात एक गोष्ट स्पष्ट झाली. सरकारी रान बंद झाले की मालकी वरकसावरील भार वाढतो. राबाची टहाळ, सरपण आणि लाकूड यांची गरज आता खाजगी रानांवर अधिकाधिक येऊन पडणार होती. ज्या जमिनीला महसूल खाते आण्यांत मोजत होते, तिचे बाजारातील मोल यामुळे निराळेच होऊ लागले.

३. आयकर : लागवड आणि आपोआप वाढ

१८८६ च्या आयकर अधिनियमाने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले. त्यासाठी जमीन शेतीच्या प्रयोजनासाठी वापरलेली असणे आणि तिला जमीन महसूल किंवा स्थानिक पट्टी लागू असणे अपेक्षित होते. ही कल्पना पुढील कायद्यांतही टिकली. मालकी रानाला सारा असल्याने दुसरी अट पूर्ण होत असे. वाद उरला तो पहिल्या अटीचा : झाडे वाढविणे ही शेती आहे काय?

राजा मुस्तफा अली खान यांच्या प्रकरणात १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आपोआप उगवलेल्या वनाचे उत्पन्न शेतीचे नाही, असा निर्णय दिला. स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न राजा विनयकुमार सहस राय यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांचे ६,००० एकरांचे, साल व पियासाल या वृक्षांचे रान सुमारे दीडशे वर्षांचे होते आणि त्याला जमीन महसूल लागू होता. १९४४-४५ च्या करनिर्धारणात झाडांच्या विक्रीचे ५१,७९८ रुपये धरले गेले होते.

१९५७ च्या निर्णयात न्यायालयाने मूलभूत क्रिया व अनुषंगिक क्रिया असा भेद केला. नांगरणी, पेरणी, लावणी या प्रत्यक्ष जमिनीवरील क्रिया मूलभूत. तण काढणे, छाटणी, राखण, तोड या नंतरच्या. केवळ नंतरच्या क्रियांनी वन ‘शेती’ होत नाही. त्या मूलभूत क्रियांच्या पुढील असल्या पाहिजेत. या रानात उजाड झालेल्या भागांत पुन्हा लागवड झाली होती व तिचे प्रमाण नगण्य नव्हते, म्हणून उत्पन्न शेतीचे ठरले आणि आयकर खात्याचे अपील फेटाळले गेले.

हा निर्णय बंगालमधील असला तरी त्याचे तत्त्व देशभर लागू होते. कोकणच्या दृष्टीने त्यातील मर्म असे की, येथील पुष्कळ मालकी रान तोडीनंतर खुंटाला फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर पुन्हा उभे राहते. मालकाचे कष्ट लावणीत नसतात, राखणीत असतात. वणवा अडविणे, गुरे आवरणे, कोवळी फूट वाचविणे या त्याच्या क्रिया न्यायालयाच्या वर्गीकरणात नंतरच्या ठरतात. लावणाऱ्याला कायद्याने शेतकरी मानले, राखणाऱ्याला मानले नाही.

४. अन्यत्र शोधलेले उत्तर

वार्षिक कर आणि दीर्घ मुदतीचे पीक यांचा पेच केवळ आपला नव्हता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तोड झालेल्या जमिनींवरील वार्षिक मालमत्ता कर मालकांना झेपेना, तेव्हा १९२७ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून स्वतंत्र वनपीक कायदा करण्यात आला. मालकाने दरवर्षी एकरी दहा सेंट द्यावयाचे व तोडीच्या वेळी लाकडाच्या मूल्याच्या दहा टक्के भरावयाचे, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे कराचा मोठा हप्ता उत्पन्न हाती येईल त्या वर्षी. १९८५ च्या व्यवस्थापित वन कायद्याने तेथे २५ किंवा ५० वर्षांच्या मुदतीवर व लेखी व्यवस्थापन आराखड्यावर भर दिला. या व्यवस्थेतही त्रुटी होत्या. पण झाडाच्या वयाला तिने करनोंदीत स्थान दिले. मुंबई इलाख्याच्या व पुढे महाराष्ट्राच्या जमाबंदीने अशी मांडणी केली नाही.

५. संपादन : १९७५

मालकी रानाविषयी राज्याचे धोरण कराऐवजी नियंत्रणाच्या मार्गाने गेले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये मुंबई राज्याने १९४८ मध्ये दुरुस्ती केली. त्याखाली मालकांना कारणे दाखवा नोटिसा काढण्यात आल्या. १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या अधिनियमाने अनुसूचित झाडांची तोड परवानगीस बांधली. आणि ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम अमलात येऊन खाजगी वने शासनाकडे निहित झाली.

या अधिनियमातील वनाची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. झाडे नैसर्गिक असोत वा मनुष्याने लावलेली, मानवी प्रयत्नाने राखलेली असोत वा त्याविना, तो भूभाग वनच. १९५७ च्या निर्णयाने ज्या भेदावर कराचा प्रश्न सोडविला, तोच भेद १९७५ ने पुसून टाकला. ज्या मालकाला लागवडीमुळे आयकराच्या कायद्याने शेतकरी मानले असते, तोच संपादनाच्या कायद्यात खाजगी वनाचा मालक ठरला. कमाल धारणेच्या मर्यादेत कायदेशीररीत्या लागवडीखाली असलेल्या जमिनीला अपवाद होता. परंतु ती लागवड रानाची नव्हे. परिणामी उतार साफ करून नाचणी घेणाऱ्याची जमीन वाचण्याची शक्यता होती; झाडे राखणाऱ्याची नव्हती. पुढे १९७८ मध्ये कलम २२-अ घालून, संपादनामुळे ज्यांची एकूण धारणा १२ हेक्टरांहून कमी झाली त्यांना त्या मर्यादेपर्यंत जमीन परत देण्याची तरतूद झाली. लहान खातेदाराला त्यातून दिलासा मिळाला, मूळ विसंगती मात्र कायम राहिली.

या व्यवहारात आणखी एक घटक होता. मालकाच्या वरकसावर राब व नाचणी करणारे कातकरी, ठाकूर, वारली यांची नावे अनेकदा ना आकारणीत होती ना कूळनोंदीत. नोंद नसलेल्याला अपवादाचा लाभ मागणे कठीण होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांच्या दाव्यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला.

६. नोंदीचा उत्तरार्ध

१९७५ च्या व्याख्येत कलम ३५(३) खाली नोटीस काढलेल्या जमिनींचाही समावेश होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये वनजमिनींच्या महसूल नोंदी अद्ययावत करण्याचा आदेश दिल्यावर अनेक सातबाऱ्यांवर वनाची नोंद चढली. विक्रोळी येथील जमिनीविषयी १९५६ ची अशीच एक नोटीस होती. गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नोटीस केवळ राजपत्रात प्रसिद्ध होणे पुरेसे नाही. ती मालकावर बजावली गेली पाहिजे, आणि दशकानुदशके पडून राहिलेल्या नोटिशीवर संपादन उभे राहू शकत नाही. हा न्याय योग्यच होता. परंतु वाद कागदाचा झाला. जमिनीवर झाडे कोणती, कोणी व किती वर्षे राखली, हा प्रश्न तेथेही मध्यवर्ती राहिला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी दिसतात. पहिली, संयुक्त अहवालाची आकारणी सुधारणेला संरक्षण देणारी असूनही रानाला सुधारणा म्हणून ओळखण्याचे साधन तिच्याकडे नव्हते. दुसरी, आयकराच्या कायद्याने लावणीला मान दिला, राखणीला नाही. तिसरी, १९७५ च्या कायद्याने दोन्हींना सारखेच लेखून वन शासनाकडे घेतले. या तिन्ही टप्प्यांतून खातेदाराने काढलेला व्यावहारिक धडा एकच होता : उभे झाड ही मालमत्ता नसून जोखीम आहे, ते वेळीच तोडलेले बरे.

संपादनामागील हेतू वनरक्षणाचा होता आणि ठेकेदारांकडून झालेली बेसुमार तोड पाहता तो अनाठायी नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ज्या नोंदवहीत झाडाच्या वयाला रकाना नाही, तिच्या आधारे राखणारा आणि तोडणारा यांत भेद करता येत नाही. खाजगी जमिनीवर वृक्ष वाढावेत असे जेव्हा जेव्हा धोरण ठरेल, तेव्हा ‘लावलेले झाड उद्या माझे राहील काय’ हा खातेदाराचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहील. त्याचे उत्तर अनुदानात नव्हे, तर सातबाऱ्याच्या नोंदीत शोधावे लागेल.